म्हसूनानांचा कागद बरोबर होता

नाना काल सकाळी गेले. जाताना माझं खोटं खरं धरून गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

म्हसूनाना म्हणजे वेरूळ रोडवरचं पत्र्याचं गॅरेज. जुनी इंपोर्टेड ऑटोमॅटिक गाडी तीन गॅरेज फिरून शेवटी त्यांच्याकडंच यायची. बाकीचे मिस्त्री क्लचचं पेडल दिसलं नाही की हात वर करायचे.

मी सातवी नापास. वाळूजच्या तीन कंपन्या सोडून त्यांच्याकडं गेलो, आन तिथं मात्र चार वर्षं टिकलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं, "नाना, गाडी एकच, साल एकच, मग खाली गेअरबॉक्स येगळा कसा?"

"एका आईची दोन लेकरं सारखी आसतेत का?"

"पण वळखायचं कसं? नंबर तर घासून गेलाय."

"खाली झोप. पॅन बघ."

पॅन म्हणजे गेअरबॉक्सच्या बुडाला असतं ते तेलाचं पसरट भांडं. मी गाडीखाली सरकलो, बोल्ट मोजले.

"चौदा."

"चौदा तर दोघांना बी आसतेत. मेंढीला पाय किती? चार. मंग दिसंल ती मेंढी तुझीच का?"

सगळं गॅरेज हसलं.

मग त्यांनी माझं बोट धरून पॅनच्या काठावरून फिरवलं. धाकल्या गेअरबॉक्सचा पॅन चौकोनी. थोरल्याचा एक कोपरा बाहेर आलेला.
फरक एवढाच. पण आतल्या प्लेटा एकाच्या दुसऱ्याला चालत नाहीत.

नानांकडं असल्या प्रत्येक पॅनचा छाप होता. जुना पेपर पॅनच्या काठावर धरायचा आन तेलकट अंगठ्यानं दाबत जायचं. काठ आन भोकं कागदावर उमटतात.

चाळीस वर्षांचा गठ्ठा होता तो. एकावरही नाव नाही.
नाना शाळेतच गेले नव्हते, लिहिणार कोण?

"आमचा बाप हजारात आपली मेंढी वळखायचा," म्हणायचे. "मला शंभर कागद वळखू येणार नाय व्हय?"

मी शारजाला आलो. दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा एका वकीलसाहेबांची लांबडी अमेरिकन गाडी नानांनी उघडून ठेवली होती. प्लेटा जळालेल्या. आपल्याकडं कुठंच मिळत नव्हत्या.

नानांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढला, घडी घालून माझ्या खिशात घातला.

"तिकडं भंगारात बघ. कागद पॅनला लाव. बसला तर त्याच्या प्लेटा आण. नाय बसला तर हात लावू नको."

भंगार बाजार माझ्या रूमपासून दीड तास. हप्त्याला एकच सुट्टी.
तिथं पोचलो आन खिसा चाचपला. कागद रूमवर, पेटीत.

परत जायचा कंटाळा आला. ऊन होतं. तसल्याच गाडीचा गेअरबॉक्स ढिगाखाली अर्धा दबलेला, पॅन चेपलेला. कोपरा बघायचं डोक्यात आलं होतं, खोटं कशाला बोलू.

हात घालून बोल्ट मोजले. चौदा.
मनाला म्हणलं, चालतंय.

पैठणचा एक मित्र गावी निघाला होता, त्याच्या बॅगेत प्लेटा पाठवल्या.

आठव्या दिवशी नानांचा फोन.

"किस्ना, ह्या जात नायत रे आत. ह्या थोरल्याच्या हायत. कागद लावला होतास का?"

मी म्हणलं, "व्हय नाना. बरोबर बसला."

मागं कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

मग म्हणाले, "मंग मीच तुला दुसरा कागद दिला बघ. नजर गेली माझी."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.
मी म्हणलं, "असू द्या नाना. होतं."

म्हणजे मी त्यांना माफ केलं!

त्यानंतर नानांनी ऑटोमॅटिक गाडी उघडली नाही. वकीलसाहेबांची गाडी ट्रकवर चढवून पुण्याला गेली. कोणी नवीन गाडी आणली की म्हणायचे, "मला आता वळखू येत नाय, दुसरीकडं दाखवा." शेजारचा पेंटर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "नाना की नजर गई, भाई."

गठ्ठा त्यांनी बंबात घातला. त्यांच्या पोरानं, संतोषनं, मला फोनवर सांगितलं. रोज पाच-सहा कागद, अंघोळीच्या पाण्याला.

प्रत्येक फोनला मी ठरवायचो, आज सांगायचं.
नाना विचारायचे, "जेवलास का?"
मी "व्हय" म्हणायचो आन ठेवून द्यायचो.

काल नानांच्या घरून काकूंचा फोन आला. रडत नव्हत्या.

"तुझी लई आठवण काढायचे," म्हणाल्या. "म्हणायचे, पोराला हप्त्याला एक सुट्टी, ती बी माझ्यापायी वाया गेली."

तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

आज पेटीतून तो कागद काढला. त्या दिवसापासून उघडला नव्हता. पॅन चौकोनी. कोपरा कुठंच बाहेर नाही. वकीलसाहेबांच्या गाडीचाच छाप.

शंभरातून नानांनी बरोबर तोच ओढला होता.

सुट्टी मिळाली नाही. मातीला येता आलं नाही. आलो असतो तरी काकूंसमोर बोललो असतो का, माहीत नाही. म्हणून इथं लिहितोय, सगळ्यांसमोर. गॅरेज लाईनची पोरं हे वाचतील. पेंटरभाई, तुम्हीपण वाचा. नानांची नजर गेली नव्हती.

संतोष, आईला वाचता येत नाही. हे तिला मोठ्यानं वाचून दाखव. माझं नाव गाळू नको. ती शिव्या देईल, देऊ दे. मग मला फोन लाव, मी उचलीन.

नाना, चूक माझी होती. तुमच्या पाया पडतो.
रामराम.