मुनीरचाचांच्या वहीतली लाल टिक

आज मुनीरचाचांना जाऊन एक वर्ष झालं आणि मी हसनाबादमध्ये पेढे वाटतेय.

ज्यांना नावं ठेवायचीत त्यांनी खुशाल ठेवा. आज मी कुणाचं ऐकणार नाही!

मुनीरचाचा म्हणजे आमच्या गावचे टेलर. एक मशीन, एक बाकडं आणि खिळ्याला टांगलेली मापांची वही. वहीच्या दोऱ्याला लाल पेन्सिल.

आमच्या भागातल्या पोरी नर्सिंग करून पुण्याला जातात. कापड हॉस्पिटल देतं, शिलाई आपली. त्यामुळे सगळ्यांचे युनिफॉर्म चाचांकडे.

वहीत प्रत्येकीचं नाव, माप, हॉस्पिटल. शेजारी त्या कापडाचा तुकडा टाचणीनं लावलेला. आणि काही हॉस्पिटलांपुढे लाल टिक.

माझा जीएनएमचा नर्सिंग कोर्स झाला तेव्हा पुण्याहून दोन ऑफर आल्या. एक नवीन, काचेचं, चकाचक, पगार भारी. दुसरं जुनं, पगार बेताचा.

अप्पांनी आधीच बजावलं होतं, "एक वरीस देतो. टिकलीस तर तुझं खरं. न्हाई तर मंग स्थळ आणलेल्या पाहुण्यांना हो म्हणून टाकतो."

मी अर्थातच काचेकडे धावले. आकाशी कापड घेऊन चाचांकडे गेले.

चाचांनी वही चाळली. "बेटा, इथं नको जाऊ."

"अहो पण पगार बघा की!"

"पगार मला न्हाई दिसत, कपडा दिसतो. इथल्या पोरी तीन महिन्यात दुसऱ्याच दवाखान्याचं कापड घेऊन येऊन राह्यल्या. म्हंजे तिथं कोणीच टिकत न्हाई."

"आणि ही टिक कशाची?"

"कोणी जुना ड्रेस कंबरेत ढिला करायला आणला की लावतो. लगीन झालं, दिवस गेले, तरी ड्रेस तोच. म्हंजे तिला काढलं न्हाई. टिक आसंल तिथं बिलकुल आंख बंद करून जायचं."

मी हसले. म्हटलं, चाचा, तुम्ही आपलं शिवा हो.

त्यांनी शिवला.

बरोबर तीन महिने टिकले!

एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड. डबल ड्युटी तर रोजचीच. माझ्यासोबतची एक सिस्टर गरोदर राहिली, तर "घरी आराम करा" म्हणून तिला पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. त्या दिवशी मी राजीनामा दिला.

बॅग घेऊन घरी आले तर अप्पांचा पाहुण्यांना फोन चालू.

दुसऱ्या हॉस्पिटलला घाबरत घाबरत विचारलं. जागा होती. पुण्यात नर्सची चणचण कायमचीच, आमच्या मराठवाड्याच्या पोरी नसतील तर निम्मे वॉर्ड बंद पडतील.

आता मेंदी रंगाचं कापड घेऊन परत चाचांपुढे. मान खाली.

"सांगितलं होतं ना" असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी फक्त टेप कंबरेभोवती टाकला.

"वाळली लई. खात न्हाईस का?"

मग वही बघून म्हणाले, "ह्या दवाखान्यात आपली कोणीच गेली न्हाई. तू पहिली."

"म्हणजे टिक नाही?"

"टिक तुलाच आणावी लागंल. कंबरेला चार बोटं कापड आत सोडून देतो. लागलं की घेऊन ये, दुसरीकडं न्हाई जायचं."

ते वर्ष मी काढलं. पुढचंही काढलं. मग अप्पाच पाहुण्यांना सांगायला लागले, "पोरगी पुण्यात नोकरीला हाय, पुण्यातलाच पोरगा बघा!" तसाच मिळालाही.

एकदा आमच्या एचआरच्या मॅडम स्क्रीनवर 'अॅट्रिशन रेट' दाखवत होत्या. कुठून किती नर्स सोडून जातात, का जातात. मला हसूच आवरेना. आमच्या चाचांनी हे टाचण्या लावून कधीच काढलं होतं.

हे त्यांना सांगायचं होतं. गावाकडून चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. मातीला पोचता आलं नाही. ते अजून सलतं.

यंदा मला दिवस गेले.

आनंद झाला, पण भीतीही वाटली. ती घरी पाठवलेली सिस्टर डोळ्यांपुढून हलेना. चार महिने मी वॉर्डात कुणालाच सांगितलं नाही. ड्रेस आवळत गेला, मी श्वास धरून वावरत राहिले.

परवा मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, झालं, आली आपली वेळ.

"मला काय कळत नाही होय?" म्हणत त्यांनी लेटर पुढे सरकवलं. बाळंतपणाची रजा मंजूर, फक्त माझी सही बाकी. परत याच वॉर्डात रुजू. आणि येताना वॉर्ड इन्चार्ज म्हणून!

"मॅडम, म्हणजे... काढत नाही?"

"तयार झालेली सिस्टर घालवायला आम्हाला वेड लागलंय का? आणि तो ड्रेस आधी सैल करून घे. बघवत नाही."

मी केबिनबाहेर येऊन किंचाळले. पेशंट उठून बसले!

आज सकाळी हसनाबादला उतरले ती थेट दुकानात. मशीनवर चाचांची मुलगी शबाना. दुकान आता तीच बघते.

तिनं कंबरेची शिवण उसवली. चार बोटं कापड. बाहेरचा ड्रेस धुऊन धुऊन विटलेला, आतलं कापड मात्र पहिल्या दिवसासारखं गर्द मेंदी.

शबाना बघतच राहिली. "अब्बांनी एवढं सोडलं होतं?"

मी वही काढली. माझं पान शोधलं. तिनं लाल पेन्सिल माझ्याकडे केली. "ताई, तुम्हीच लावा."

"न्हाई गं. टेलर तू आहेस."

तिनं टिक लावली. चांगली मोठी, गिरवून. मग दोघी रडलो, हसलो, आणि पेढे आणायला गेलो.

चाचा, आपल्या पोरींना सांगायला अजून एक दवाखाना झाला.

ड्रेस तुमच्याच दुकानात ढिला केला. दुसरीकडं न्हाई गेले.

खुदा हाफिज, चाचा.