खाऱ्या मातीतला सोनचाफा

दुपार कलली की खाडीवरून वारा सुटायचा आणि त्या वाऱ्याला ओल्या चिखलाचा, मिठाचा आणि कुठेतरी सुकत पडलेल्या मासळीचा मिळून एक जड वास असायचा. ऐंशीच्या आसपासच्या त्या वर्षांत वाशी म्हणजे भराव घालून उंच केलेली उघडी जमीन, तिच्यावर ओळीने बांधलेली बैठी घरं आणि प्रत्येक घरापुढे हातरुमालाएवढं अंगण. झाड म्हणावं असं काही नजरेला पडत नसे. त्या बिनआडोशाच्या उजेडात उन्हाळ्यातली दुपार अंगावर यायची, माहेरच्या बकुळीची आठवण व्हायची आणि मला उगाचच रडू फुटायचं.

त्या रडण्यावर उतारा म्हणून मी आमच्या वसाहतीच्या उद्यान मंडळात नाव घातलं. मंडळाचं वर्ष ऋतूंच्या चालीने चाले. पौषात सभागृहात फुलांचं प्रदर्शन, माघात मातीवर व्याख्यान, चैत्रात रोपांवर गोणपाटाची सावली धरायची, ज्येष्ठात रोपांची देवाणघेवाण आणि श्रावणात अंगणभेट, म्हणजे दर वर्षी एकाच्या अंगणात सगळ्यांनी जमून त्याची बाग डोळे भरून पाहायची. या साऱ्यात एक रीत आपसूक रुजली होती. सभासदाच्या दारी कुणी रिकाम्या हाताने जायचं नाही. एखादी फांदी, मूठभर बी, जुन्या डब्यातून शेणखत; आणि काहीच नसलं तर घरच्या पाण्याची कळशी. नळाला पाणी जेमतेम येई, त्यामुळे ती कळशीही मोठी भेट वाटे.

माघातलं व्याख्यान कांबळेभाऊंचं. पोलादपूरकडचा माणूस, गोदीत नोकरीला, बोलणं हळू आणि नेमकं. आपल्या भरावाखाली खारी जमीन निजलेली आहे, तिला जागं करू नका, असं ते सांगत. पाणी फार झालं की खार वर येतो. मातीवर पांढरी साय धरली की हात आखडायचा. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते डोळे मिटत आणि खार किती ते सांगत, तेव्हा आम्ही बायका पदराआड हसायचो. दर वर्षी तेच व्याख्यान. त्यांची वाक्यं आम्ही त्यांच्याआधी पुरी करत असू. त्यांच्या दारात सोनचाफा होता. गावाहून एसटीत मांडीवर धरून आणलेलं रोप, त्याला एका श्रावणात पहिली फुलं आली होती आणि सबंध गल्ली त्या वासाने भानावर आल्यासारखी झाली होती. म्हणून पुढच्याच माघात भाऊ म्हणाले, "यंदाचा श्रावण माझ्याकडे."

फाल्गुन सरता सरता भाऊ गेले. कामावरून आले, सुमनवहिनींनी दिलेला चहा हातात घेतला आणि तो कप तसाच कलंडला. वहिनी रडल्या नाहीत. उंबऱ्यात बसून चाफ्याकडे पाहत राहिल्या, आणि आम्हाला त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना.

बोलता येईना, म्हणून आम्हाला जे येत होतं ते आम्ही केलं. मंडळाचे अध्यक्ष प्रधानकाका यांनी पाळ्या लावून दिल्या आणि रोज एकेका घरची कळशी कांबळ्यांच्या दारी जाऊ लागली. स्वतःची तुळस कोमेजू देऊन मी पाणी वाचवत असे. बुंध्याशी कळशी रिती करायची, वहिनींजवळ घटकाभर बसायचं आणि हलक्या मनाने घरी यायचं. आपण काही केलं, या समाधानाला तेव्हा मी दुःख समजत होते.

वैशाखात पानांच्या कडा करपू लागल्या. झाडाला धन्याचा ध्यास लागला, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. उन्हाची तहानही असेलच, म्हणून दुसरी कळशी सुरू झाली. बुंध्याभोवती पांढरं काही दिसत होतं. भिंतीचा चुना गळला असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. वर्षानुवर्षं तोंडपाठ झालेलं व्याख्यान आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात ते मला कधी पटलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पटलं.

ज्येष्ठातल्या सभेला वहिनी आल्या. भाऊ गेल्यानंतर प्रथमच त्या चारचौघांत येत होत्या. त्यांनी एक वाटी प्रधानकाकांच्या समोर ठेवली. वाटीत चाफ्याखालची माती होती आणि तिच्यावर पांढरी खपली.

"ह्यांनी सांगितलेलं तुमी सगळे विसरलात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मीपन विसरले. आता कुनी पानी आनू नका."

प्रधानकाकांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. मग वहिनी पुन्हा बोलल्या.

"पन यायचं थांबवू नका. तुमी आलात की मला बरं वाटतं, झाडाला नाय. रिकाम्या हातानी या."

किती सोपं मागणं होतं ते, आणि आम्हाला किती जड गेलं. कळशीशिवाय त्या दारात पाऊल कसं टाकायचं हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. चार दिवस कुणीच गेलं नाही. पाणी ओतण्यात तो घटकाभर वेळ निभावून जाई. नुसतं समोर बसायचं म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहणं आलं. मग भीत भीत एकेक जण जाऊ लागला. प्रधानकाकांनी पाण्याच्या निचऱ्यासाठी अंगणात चर खणला, करपलेल्या फांद्या वहिनींनी स्वतः उतरवल्या, आणि आषाढाच्या सरींनी माती दिवसचे दिवस धुऊन काढली.

ठरल्याप्रमाणे श्रावणातली अंगणभेट त्यांच्याकडेच झाली. ऊन सोनेरी पडलं होतं. एका अंगाने बोडका झालेला चाफा दुसऱ्या अंगाने पानं धरून उभा होता. फूल एकही नव्हतं. आम्ही चटईवर बसलो आणि आमचे मोकळे हात मांडीवर अवघडून पडून राहिले. आणि मग वहिनी बोलू लागल्या. दर माघात व्याख्यानाहून परतले की भाऊ चपलाही न काढता दारातूनच विचारायचे, नीट बोललो ना गं मी? एवढं सांगता सांगता त्या भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्यादेखत रडल्या. माझा हात मोकळा होता. तो कधी त्यांच्या हातात गेला ते मला कळलंही नाही.

निघताना सगळे चाफ्यापाशी थबकलो. झाड जगेल का, हे विचारायचं प्रत्येकाच्या मनात होतं. वहिनी वाकल्या, बुंध्याजवळची चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली आणि भाऊंसारखेच डोळे मिटले. या वेळी हसलं कुणीच नाही.

"खार हाय अजून," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "पन कमी झालाय."