मापासाठी उभा राहिलेला माणूस

इमारत खात्यात सगळे त्याला काठी म्हणत. अंगाने तो तसा होताच, पण नाव पडलं ते कामावरून. खात्याचा फोटोग्राफर शहरातल्या सरकारी इमारतींचे, पुलांचे, रस्त्यांचे फोटो काढून ठेवायचा. फोटोवरून इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून कुणीतरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दहा फुटी काठी धरून भिंतीला लागून उभं राहायचं. ते कुणीतरी म्हणजे हा. एका सकाळी नेहमीचा माणूस आला नाही म्हणून याला उभं केलं, आणि मग सत्तावीस वर्षं तोच उभा राहिला.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. तिपाईवरचा तो मोठा कॅमेरा, ढगाळ दिवस असला की चार-चार, पाच-पाच सेकंद उघडा राहायचा. तेवढ्या वेळात नाकावर माशी बसली तरी बसू द्यायची. रस्त्याने जाणारी माणसं त्या फोटोंत धुरासारखी पुसट उमटत, सायकलवाले तर दिसतच नसत. हा मात्र ठसठशीत. फोटोग्राफर तिरसट होता, पण याच्यावर खूश असायचा. "भिंत हलेल, हा हलणार नाही," असं साहेबांना सांगायचा.

बायको थट्टा करायची. "ह्यांना विचारा काम काय, तर उभं राहणं. घरी मात्र पाच मिनिटं एका जागी बूड टेकत नाही."

तो हसून सोडून द्यायचा. पण पाठ टेकून टेकून त्याला इमारती कळायला लागल्या होत्या. कोर्टाच्या भिंतीला भर उन्हाळ्यातही ओल असते, पोस्टाचा दगड दुपारी चारनंतरही ऊन धरून ठेवतो, वाचनालयाच्या मागच्या बाजूची भिंत एका कोपऱ्यात पोकळ वाजते. हे खात्याच्या एकाही कागदात नव्हतं. तो साहेबांना सांगायचा, साहेब मान डोलवायचे आणि विसरायचे.

निवृत्तीनंतर बारा वर्षांनी दारात एक तरुण बाई उभी राहिली. शहराच्या संग्रहालयात कामाला होती. खात्याचं जुनं गोदाम रिकामं करताना फोटोंचे चार खोके निघाले होते, आणि कोणता फोटो कधीचा ते लिहिलेली वही वाळवीने फस्त केली होती.

"चारशे फोटो आहेत, काका," ती म्हणाली. "निम्म्या इमारती आज जागेवर नाहीत. आणि जवळजवळ सगळ्यांत एकच माणूस आहे. दोन महिने शोधतेय तुम्हाला."

त्याला एकदम संकोच वाटला. काहीतरी चुकल्यासारखं तो म्हणाला, "मी आपला मापासाठी होतो."

तिने टेबलावर फोटो मांडले. त्याने चष्मा लावला आणि भराभर सांगायला लागला. ही जकात कचेरी, पूर्वेची बाजू. हे जुनं मंडईचं फाटक, सावली बघा, सकाळचे नऊ असतील. ती लिहून घेत होती. पण साल विचारलं की त्याची गाडी अडायची.

"साल कसं सांगू? इमारत तीच, मी तोच."

बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हातातली घडी ठेवून आली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"तोच कसला? हा स्वेटर बघा. डावी बाही मी लांब विणली होती, तुम्ही दुमडून घालायचात. थोरला झाला त्या हिवाळ्यातला हा फोटो." तिने दुसरा उचलला. "आणि हा त्यानंतरचा. ह्या शर्टाची कॉलर मी उलटवून शिवली आहे."

बाईने वहीचं नवं पान काढलं.

मग दर गुरुवारी ती यायची. हा जागा सांगायचा, बायको साल. कोपरावरचं ठिगळ, चष्म्याची पहिली फ्रेम, एका पैजेपायी उतरवलेली मिशी, धाकट्याने सोलून ठेवलेला बुटाचा पुढचा भाग. त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून शहराच्या इमारती एकेक करून आपापल्या सालात जाऊन बसायला लागल्या. पोस्टाचा मनोरा पाडला तो नक्की कधी, यावर दोन प्राध्यापक वर्षानुवर्षं भांडत होते म्हणे. तो वाद एका बटणाने मिटला. मनोरा अर्धा पाडलेला दिसत होता त्या फोटोत त्याच्या शर्टाला वेगळ्या रंगाचं बटण होतं, आणि ते आपण कधी आणि का लावलं हे बायकोला पाठ होतं.

चौथ्या गुरुवारी जुन्या दवाखान्याचा फोटो निघाला.

"हा जरा वेगळा आहे," बाई म्हणाली. "बाकी सगळीकडे तुम्ही इमारतीच्या कोपऱ्याला उभे असता. इथे मधेच आहात. कोपऱ्याची दुरुस्ती चालू असावी, असं मी लिहून ठेवलंय."

बायकोने फोटो हातात घेतला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. तिने फोटो खिडकीपाशी उजेडात नेला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग वळून तिने तारीख सांगितली. दिवस, महिना, साल, सगळं.

बाई चकित झाली. "इतकं नक्की कसं आठवतं, काकू?"

"आदल्या रात्री आमची मुलगी गेली. थोरल्याच्या पाठची. अकरा दिवसांची होती. ह्याच दवाखान्यात." मग ती नवऱ्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, बाहेर नुसता फिरत होतो."

"हो."

"घर माणसांनी भरलं होतं. मी आत पडून होते. तुम्ही दहाला गेलात ते दिवे लागायच्या वेळी आलात. छत्तीस वर्षं मी मनात धरून बसलेय, की असं घर टाकून हा माणूस फिरायला गेला."

त्याने चष्मा काढला. "रजा सांगायला गेलो होतो. फोटोग्राफर गाडीत सामान चढवत होता. त्या दिवशीच्या यादीत नेमका दवाखाना होता. तो म्हणाला, तू घरी जा, मी दुसरा माणूस घेतो. मीच म्हटलं, नको, मी उभा राहतो."

"का पण?"

"घरी सगळे माझ्याकडे बघत होते, हा आता काय करतोय म्हणून. मला काही सुचत नव्हतं. रडूही येत नव्हतं. तिथे निदान काय करायचं ते मला माहीत होतं." चष्मा पुसत तो म्हणाला, "त्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, तुला हवं तिथे उभा राहा. म्हणून मी तिच्या खिडकीखाली राहिलो. वरच्या मजल्यावरची, डावीकडून तिसरी."

बायकोने पुन्हा फोटो पाहिला. बोटाने खिडक्या मोजल्या. एक, दोन, तीन.

बाईला वही मिटावी की उघडी ठेवावी कळेना. शेवटी तिने हळूच विचारलं, "काकू, फोटोखाली काय लिहू?"

"तारीख लिहा," बायको म्हणाली. "आणि ते दुरुस्तीचं खोडा. दुरुस्ती चालू नव्हती."

बाईने ती ओळ खोडली. उरलेले फोटो पुढच्या वेळी बघू म्हणत ती लवकरच उठली. जाताना दवाखान्याचा फोटो तिने टेबलावरच ठेवला. पुढच्या गुरुवारी नेते म्हणाली.

दार लागल्यावर बायको त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. एरवी या वेळी ती चहा टाकायची. आज उठली नाही.

"सकाळी गेलात ते मला माहीत आहे. संध्याकाळी आलात तेही. मधलं सांगा."

त्याने घसा साफ केला. आधी त्याला दवाखान्याच्या पायऱ्याच आठवल्या, त्या अकरा होत्या, आणि त्यातली शेवटची फुटलेली होती. तिथूनच त्याने सुरुवात केली.