खळीत बुडालेला हात

सून पातळांसाठी खळ शिजवते आहे. तो कोमट, आंबूस वास आला की मला एका जागी बसवत नाही. उगीच दाराशी जाते, परत येते.

भवानी पेठेत आमचा हातमाग होता. स्वराज्याच्या चळवळीपायी गावात इंग्रजांचा लष्करी अंमल लागला होता आणि चळवळीची पांढरी टोपी घरात सापडली तरी तुरुंग होता. शिपाई झडतीला आले, तशा मी वडिलांच्या टोप्या सुताच्या खळीत बुडवल्या. आत आला तो कुंभारी गावचा शिवा, खाकी कपड्यांत. आम्ही नळावर चोरून भेटायचो. पोलिसातल्या माणसाचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती.

त्यानं सगळं उचकटलं आणि शेवटी पातेल्यात हात घातला. बोटांना टोपी लागली, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. खळ कढत होती, तरी हात बाहेर निघेना.

"घावलं का रं काय?" जमादार बाहेरून ओरडला.

"काय न्हाय जी. नुसती खळ हाय."

कोपरापर्यंत पांढरा झालेला हात घेऊन तो निघून गेला. वडील पातेल्याकडे बघतच नव्हते, ते माझ्याकडे बघत होते.

"त्या पोराला आपली एवढी कणव कशापायी गं?"

महिन्याभरात त्यांनी मला पंढरपूरला उजवून टाकलं. शिवा निघून गेला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आज कळतं, शिवा आणि मी पकडलो गेलो ते त्याच घटकेला.

"आत्याबाई, असं आत-बाहेर का करताय? काय झालं?" सून विचारते.

"काय न्हाय गं," मी म्हणते. "नुसती खळ हाय."