कसर भरून काढली

"भोकं होती ती!"

"तेच म्हणतोय मी. भोकं होती. आता नाहीत."

"मुद्दाम केलेली होती!"

"मुद्दाम भोकं कोण करतं? उंदीर?"

"मी करते! चार महिने करतेय! एकेक मोजून!"

"मग चार महिने गप्प का बसलीस? आधी सांगितलं असतंस तर मीही रोज थोडी थोडी बुजवत आणली असती."

यावर मावशीने उशी फेकली. ती काकांना न लागता कपाटावर आपटली. काकांनी ती उचलली आणि आधी काय पाहिलं, तर शिवण कुठे उसवलीय का!

भांडण पलंगाच्या दोन बाजूंनी चाललं होतं, कारण मधे पलंगावर शाल होती. ओली करून, चारी बाजूंनी ताणून, दोनशे टाचण्या मारून वाळत घातलेली. ती पलंगावर झोपणार म्हणून रात्री ही दोघं जमिनीवर झोपणार होती, आणि काकांच्या कंबरेने आत्तापासूनच वेगळा सूर लावला होता.

मावशी एकतीस वर्षं एका कचेरीच्या दप्तरखान्यात होती. तिथे खिडकी नव्हती. येईल त्या कागदाला डावीकडे दोन भोकं पाडायची, फाइलला लावायचा, फाइल फळीवर. निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी चहा पिताना तिने खिडकीबाहेर बघितलं आणि ओरडली, "अहो, आपल्या दारात झाड आहे!"

"बावीस वर्षं आहे," काका म्हणाले.

कसलं झाड ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. पण मावशी त्याच्या मागेच लागली. पानं गोळा करायची, आणि बोलता बोलता मधेच एक पान उजेडात धरून त्यातून आपल्याकडे बघायची. काकांच्या चष्म्याच्या घरात पान, डब्यात पोळीखाली पान. "मी काय शेळी आहे का?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

विणकाम तिला लहानपणापासून यायचं. हात सुंदर, पण मापाशी उभा दावा. तिने मला विणलेल्या स्वेटरच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. काकांची टोपी आज किटलीवर बसते, आणि चपखल बसते. म्हणून तिने शाल धरली. शालीला माप नसतं.

पानाचं गणित सोपं नव्हतं. दोरा सुईवरून एकदा मोकळा घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की मोकळ्या दोऱ्याच्या जागी एक भोक उरतं. अशी एकोणीस भोकं नेमक्या जागी पडली की पानाच्या शिरा दिसतात. पहिलं पान माशासारखं झालं. दुसरं चपलेच्या तळव्यासारखं. नवव्या वेळी पान झालं, तेव्हा तिने मला फोन करून फक्त "झालं!" म्हटलं आणि ठेवून दिला. मी घाबरून रिक्षा करून आले. तशी चौसष्ट पानं तिने विणली.

आता काका. काका रफूगार. चाळीस वर्षं, एकच खुर्ची मावेल एवढ्या दुकानात बसून त्यांनी जगाची भोकं बुजवली. सिगारेटने जळलेले कोट, खिळ्याला अडकलेल्या साड्या. त्यांचं रफू म्हणजे असं, की गिऱ्हाईक कपडा घेऊन परत यायचं आणि म्हणायचं, "अहो, तुम्ही केलंच नाहीत!" तेव्हा काकांचे कान लाल व्हायचे. आनंदाने.

सुईवर असेपर्यंत जाळीची शाल चुरगळलेल्या मोज्यासारखी दिसते. त्यामुळे मावशीचा आणखी एक स्वेटर बिघडतोय, एवढंच चार महिने काकांना वाटत होतं. शुक्रवारी दुपारी ते जेवायला घरी आले. ते सकाळी दुकानात गेल्यावर मावशीने शाल ताणून ठेवली होती आणि ती बाहेर गेली होती. पलंगावर बघतात तर शाल, आणि शालीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं.

"मला वाटलं, कसर लागली," काका आता सांगत होते. "लोकरच ती. किडे खाणारच. म्हटलं, बिचारीने इतके दिवस खपून विणली, आली की रडेल. दुकान बंद ठेवलं, पाणीसुद्धा प्यायलो नाही. तुझीच लोकर घेऊन बसलो. कसर लागली होती, मी कसर भरून काढली. काय चुकलं माझं?"

"एक पान आंधळं केलंत!"

"एकच झालं. तू लवकर आलीस."

मावशीने मला खिडकीपाशी ओढलं. "तुझे डोळे तरुण आहेत. यांच्या रफूच्या दोऱ्याचं टोक शोध. मी उसवते."

मी शोधलं. पान बंद झालेलं कळत होतं, पण कुठून सुरू आणि कुठे संपलं, काही पत्ता नाही. काकांचे कान लाल होऊ लागले.

"हसू नका! तुम्हीच उसवा."

"नाही."

"का?"

"रफूगार आपलं रफू उसवत नाही. चाळीस वर्षांत नाही उसवलं. बरा झालेला रोगी डॉक्टर परत आजारी पाडतो का?"

"रोगी आजारी नव्हताच! धडधाकट माणसाच्या नाकपुड्या बुजवल्यात तुम्ही!"

तिचा जीव इतका का तुटत होता, हे मला माहीत होतं. लोकरीच्या दुकानाला रस्त्यावर एक मोठी काच आहे. दर महिन्याला कुणा एकीचं विणकाम तिथे लागतं. दुकानातल्या बाई ते भिंग लावून निवडतात. त्या गिऱ्हाइकाचा चेहराही भिंगातूनच बघतात, म्हणून त्यांना सगळे भिंगबाई म्हणतात. पंधरा वर्षांत मावशीने पाच वस्तू नेल्या आणि पाचही परत आणल्या. शाल शनिवारी दुपारी बारापर्यंत न्यायची होती.

शनिवारी साडेअकराला मावशी म्हणाली, "चला. गुन्हेगार हजर पाहिजे."

भिंगबाईंनी शाल टेबलावर पसरली आणि पहिल्या पानापासून भिंग चालवायला सुरुवात केली. "हं," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे. पण भोकं जरा जास्त वाटतात. काचेत लावली तर पलीकडचं दिसेल." भिंग सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. "अगं बाई! हे पान बघा! भरीव, नीटस. हे कसं केलंत?"

काका छताकडे बघायला लागले.

"ते यांनी केलंय," मावशी म्हणाली.

"मग उरलेली त्रेसष्टही यांनाच भरून द्यायला सांगा की! सोमवारी मधोमध लावते. माझा शब्द."

आता मावशी बाईंना फाडून खाणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. पण ती शालीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "भरून दिली तर... नक्की लावाल?"

काकांनी छतावरची नजर खाली आणली. मावशीकडे बघितलं. कॉलरमध्ये त्यांची सुई कायम खोचलेली असते, ती काढली.

"आत्ताच सुरुवात? बसा ना, बसा," बाईंनी खुर्ची दिली.

काका बसले. ते पान त्यांनी पुढ्यात ओढलं, कुठेतरी सुई घातली आणि एक दोरा वर काढला.

"अहो! उसवताय काय?"

"बाई, धडधाकट माणसाच्या नाकपुड्या कुणी बुजवतं का?" काका म्हणाले. कालपासून हे वाक्य त्यांचं झालं होतं. "हे पान आहे. पानाला शिरा असतात. या भोकांवर त्या उभ्या आहेत. एक भोक इकडचं तिकडे झालं तर पानाचा मासा होतो. आमच्याकडे झालाय! तुम्हाला भोकं दिसतात आणि म्हणे भिंग लावता!"

"तुम्हीच बुजवलीत ना?"

"मी गाढव आहे. तुमचं काय?"

बाई दोन गिऱ्हाइकांना लोकर देऊन आल्या तोवर एकोणीस भोकं मोकळी झाली होती. त्यांनी पुन्हा भिंग लावलं. शालीचा काठ उचलून काका खालून एका भोकातून वर बघत होते. बाईंचा भला मोठा डोळा आणि काकांचा बारका डोळा समोरासमोर आले. बाई दचकून मागे झाल्या.

"बरं बरं, लावते," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "चार दिवस. खालच्या कोपऱ्यात, मोज्यांच्या मागे."

मावशीने शाल उचलली, झटकली आणि खांद्यांवर घेतली. बाहेर ऊन असं, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा जीभ काढून पायरीखाली सरकलेलं. तिने दोन्ही टोकं नीट केली, पाठीवरची पानं सरळ पडलीत का ते काकांकडून बघून घेतलं आणि दाराकडे वळली.

"अहो, वरच्या कोपऱ्यात लावते!" भिंगबाई म्हणाल्या. "मोजे काढते! मधोमध लावते! अहो, ऐकताय का? या उन्हात शाल पांघरून चाललात कुठे?"

मावशीने दार ढकललं आणि भर रस्त्यातून चालू लागली.