साफ निघालेला कागद

शहाद्याच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायची खोली आहे, आणि तिथे येणाऱ्यांची डोकी धुण्याचं काम दगूबाईकडे. केसांत तेल असलं की डोक्याला तारा चिकटत नाहीत, आणि आमच्याकडची आई लेकराच्या डोक्यावर तेल थापल्याशिवाय त्याला गावाबाहेर काढेल तर शपथ! म्हणून नऊ वर्षं तिथे शिकेकाई, कोमट पाणी आणि दगूबाईची बोटं.

त्या बोटांना दर वेळी तिची गेलेली लेक सीमाच लागते. तेच दाट केस, कानामागे तोच खळगा. पाणी ओतताना "माय, डोळा झोंबस" असं ऐकू येतं, आणि समोरचं लेकरू तर गप्प असतं. दगूबाईला भीती वाटते. तरी ती धुते.

सोमवारी कळसाडीची जसोदाबाई तिच्या लेकीला, यामिनीला घेऊन आली. पोरीला दोनदा फीट आली होती. डोकं धुतलं, तारा लावल्या, आलेख निघाला. डॉक्टर म्हणाले, "नॉर्मल आहे. पण फीट नसताना तो असा येऊ शकतो, गोळ्या चालूच ठेवा." जसोदाबाईनं पहिले दोनच शब्द ऐकले.

बाहेर येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. "मशीनमा काहीच नई निंघनं. मंग हाई बाहेरनीच बाधा शे. गोळ्या कसाले? भगतकडे लई जाऊत." गोळ्यांची पुडी तिनं बाकावरच सोडली.

दगूबाईनं पुडी उचलली आणि तिची वाट अडवली.

"गोळ्या बंद करू नको."

"तुले काय समजस? कागद साफ शे."

दगूबाईनं कमरेच्या पिशवीतून घड्या पडून फाटत आलेला एक कागद काढला. "मन्ही पोरना कागद बी असाच साफ निंघना व्हता. याच खोलीमा. मीच गोळ्या उकिरड्यावर फेक्यात, भगतकडे लई गवू. आठव्या दिनले ती पाणी भराले गयी. विहिरीना काठवर फीट उनी."

जसोदाबाई त्या कागदाकडे बघत राहिली. मग तिनं पुडी घेतली आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.

जाताना यामिनी मागे वळली. "मावशी, डोकं धोवताना तू माले सीमा, सीमा काबरं म्हनी ऱ्हायंती?"

नऊ वर्षांत आपण ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही, असं दगूबाईला वाटत होतं.