‘होती’ची दुरुस्ती

माझी वहिनी कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. "नवा कपडा कुणीही शिवेल, बिघडलेला सरळ करायला डोकं लागतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. आमचं दुकान दोन खोल्यांचं आहे. पुढे काउंटर आणि मी, मागे तिचं मशीन आणि दादाची इस्त्री. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. मी नणंद असल्यामुळे तिचं कौतुक करताना माझा हात जरा आखडताच असतो, हे आधी सांगून ठेवते. पण ही गोष्ट तिच्या कौतुकाची आहे, त्याला माझा इलाज नाही.

तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, लग्न एका इटालियन मुलीशी ठरलं. मुलगी आमच्याच शहरात नोकरी करते आणि मोडकंतोडकं मराठी बोलते. वडील नाहीत, आई एकटी, दूर आपल्या गावी. वहिनीनं जाहीर केलं, "विहीणबाईंशी मी मुलाच्या तोंडून बोलणार नाही. माझं तोंड काय शिवलंय?" आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या इटालियनच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई आमच्याच गिऱ्हाईक. दादा म्हणाला, "मराठीत मला बोलू देत नाहीच, आता इटालियनमध्येही गप्प बसवणार."

सात महिने ती मशीनच्या चाकाशेजारी वही ठेवून क्रियापदं घोकत होती. मग एका शुक्रवारी वर्गातून आली ती हवेतच. "अगं, आज आपला काळ शिकवला! पूर्ण भूतकाळ. त्याला ते त्रापासातो प्रोस्सिमो म्हणतात. नाव फक्त लांबलचक. आपलं ‘होतं’ तेच. केलं होतं, गेले होते. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं."

मला इटालियनमधलं ओ की ठो कळत नाही, तरी तेव्हाच शंका यायला हवी होती. वहिनी ‘एवढं सोपं’ म्हणते तेव्हा हमखास काहीतरी उसवतं.

दुसऱ्या दिवशी तिनं विहीणबाईंना पत्र लिहिलं. स्वतःच्या हातानं, कुणाला न दाखवता. मला मात्र मराठीत वाचून दाखवलं, आणि मी ‘छान आहे’ म्हटलं, ही माझी चूक. पत्र असं होतं: ‘तुमची मुलगी मला खूप आवडली होती. आम्ही लग्नाला होकार दिला होता. तुम्हाला बोलावलं होतं.’ खाली सही. आता सांगा, यात वाईट काय आहे?

दहा-बारा दिवसांनी ती मुलगी दुकानात आली. डोळे सुजलेले. काउंटरवरून सरळ मागच्या खोलीत गेली आणि वहिनीसमोर उभी राहिली.

"आई, मी आता आवडत नाही?"

वहिनीच्या हातातली कात्री खाली पडली. "कोण म्हणालं असं?"

"तुम्ही म्हणालात. पत्रात. माझी आई फोनवर रडते. ती म्हणते, मी लग्नाला येत नाही. मी समजावते, तर म्हणते, तू झाकतेस. आता फोन पण घेत नाही."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. वहिनीनं त्या पोरीला जवळ घेतलं, ‘आवडतेस गं, आवडतेस’ असं दहा वेळा म्हणाली, दादानं गरम इस्त्री उभी करायची विसरून कुणाच्या तरी पँटवर काळा त्रिकोण उठवला, आणि संध्याकाळी वर्ग नसतानाही वहिनी बाईंच्या दारात हजर झाली. मी बरोबर होते.

बाईंनी पत्राची कच्ची प्रत वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो, आपण मराठीत ‘काल बाजारात गेले होते’ म्हणतो आणि गप्प बसतो. कुणी विचारत नाही पुढे काय झालं. इटालियनमध्ये हा काळ एकटा उभा राहत नाही. त्याला पुढची दुसरी गोष्ट लागते, तीही होऊन गेलेली. ही आधीची, ती नंतरची. तुम्ही आधीचीच सांगितलीत आणि सही करून मोकळ्या झालात. त्यांनी वाचलं, मुलगी आवडली होती, होकार दिला होता, बोलावलं होतं. म्हणजे आता यातलं काहीच उरलं नाही."

वहिनीनं कच्ची प्रत परत हातात घेतली आणि म्हणाली, "म्हणजे धावदोरा घातला आणि टीप मारलीच नाही."

धावदोरा म्हणजे कपडा जागेवर राहावा म्हणून आधी घालतात ते कच्चे टाके. त्यावर मशीनची टीप बसली, की काम पक्कं. बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "बरोबर. टीप मारली तेव्हा धावदोरा घातला होता. पुढच्या वर्गाला हेच सांगते. आणखी एक त्रापासातो आहे, पण तो जाड पुस्तकांतच राहतो. त्याला कृपा करून घरी आणू नका."

भाचा म्हणाला, मीच फोन करतो, माझा तरी घेतील. वहिनी ऐकेना. "उसवलंय मी. शिवणार मी."

पुढचा आठवडा आम्ही सगळ्यांनी भोगला. तिला प्रत्येक गोष्ट दोन पदरी सांगायची सवय लावायची होती. "हे उठले तेव्हा मी दूध तापवलं होतं." "तुम्ही आलात तेव्हा मी चेन बसवली होती." समोरचं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "बसवली होती म्हणजे? परत काढलीत?" मी हसून बेजार. ती मात्र मान हलवून म्हणाली, "बघ, यांना पण कळतं. मलाच कळलं नव्हतं."

आणि मग तिनं दुसरं पत्र लिहिलं. त्यातली गोष्ट मलाही नीट ठाऊक नव्हती. लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधीच ती मुलगी गिऱ्हाईक म्हणून दुकानात आली होती. वडिलांचा जुना कोट घेऊन, अस्तर बदलायला. जाताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, आतला खिसा काढू नका, तो माझ्या आईनं शिवलाय. वहिनीनं पाहिलं तर खिशाचे टाके वाकडे, पण ओढून बघितले तर एक हलेना. तिनं सगळं अस्तर बदललं आणि तो खिसा जसाच्या तसा नव्या अस्तरावर बसवला. ही कुणाची कोण, तिला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी भाच्यानं घरी विषय काढला.

तेव्हा पत्रात तिनं लिहिलं: ‘माझ्या मुलानं मला तुमच्या मुलीबद्दल सांगितलं, तेव्हा ती मला आधीच आवडली होती.’ खाली कोटाची आणि खिशाची हकीकत. शेवटी साध्या वर्तमानकाळात, ‘मला ती आवडते. तुम्ही या.’ या वेळी बाईंनी पत्र तपासलं आणि एकच चूक काढली. टपालपेटीत टाकून वहिनी परत आली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. इतकी शांतता आमच्या दुकानाला झेपत नाही.

दोन आठवडे काही नाही. मुलीच्या आईनं फोन घ्यायला सुरुवात केली, पण येण्याचं नाव काढेना. लग्नाला नऊ दिवस उरले. वहिनी मुलीच्या पोशाखाला हातशिलाई करत होती आणि दर दोन टाक्यांनी दाराकडे बघत होती. मला तिची दया यायला लागली, म्हणजे बघा.

मग कार्ड आलं. एक ओळ फक्त. वहिनीनं चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचलं, "क्वांदो ए अर्रिवाता ला सेकोन्दा लेत्तेरा, अव्हेव्हो जा कोंप्रातो इल बिल्येत्तो."

"म्हणजे?" मी विचारलं. "येतायत की नाही?"

"थांब. अव्हेव्हो कोंप्रातो म्हणजे विकत घेतलं होतं. बिल्येत्तो म्हणजे तिकीट." तिनं ओळ परत वाचली. "तुमचं दुसरं पत्र आलं, तेव्हा मी तिकीट आधीच काढलं होतं."

"हं. मग जीव भांड्यात पडला की! आता काय बघतेस?"

वहिनीचं बोट त्या ‘अव्हेव्हो’वरून हलत नव्हतं. डोळे भरून आले होते.

"अगं, आधी काय झालं ते बघ. तिकीट आधी. माझं पत्र नंतर."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. "म्हणजे दुसरं पत्र नसतं गेलं, तरी त्या आल्या असत्या?"

"आली असती," वहिनी म्हणाली. "भांडायला आली असती. पण लेकीसाठी आली असती."